ट्रॉलीचे ब्रेक आणि त्यांची वायर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाळप हंगाम सुरू झाला, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे आणि संगमनेर या तालुक्यांतील रस्त्यांवर उसाने शिगोशीग भरलेल्या, एकीमागे एक जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस दिसू लागतात, आणि मार्च-एप्रिलात शेवटची मोळी गव्हाणीत पडेपर्यंत ही वर्दळ खंडत नाही. १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या पिढीने बैलगाडीतून वाहिला जाणारा ऊस पाहिला होता; तेव्हापासून एका खेपेचे ओझे आणि त्याचा वेग ही दोन्ही कित्येक पटींनी वाढली, परंतु ते ओझे आवरण्याची तजवीज मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. ती न वाढण्याचे कारण केवळ पैशाची टंचाई हे नाही. चालकांत, मालकांत आणि गावोगावच्या गॅरेजांत पिढीजात रुजलेल्या काही समजुती त्याला तितक्याच जबाबदार आहेत, आणि त्यांचा खुलासा करणे मला अगत्याचे वाटते, कारण त्यांची किंमत रस्त्यावरच्या त्रयस्थ माणसालाही मोजावी लागते.

सर्वांत प्रबळ समजूत अशी की, जो ट्रॅक्टर वीस टन ओढू शकतो तो वीस टन थांबवूही शकतो. ओढण्याचे बळ इंजिनातून येते आणि गिअरने ते पाहिजे तितके वाढविता येते; थांबविण्याचे बळ मात्र अखेर टायर आणि रस्ता यांच्यामधील पकडीतून येते, आणि ही पकड ब्रेक असलेल्या चाकावर जेवढा भार असेल तेवढ्याच्या प्रमाणात मिळते. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. उदाहरणादाखल ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन वजन धरू, त्यांपैकी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर अडीच टन येते असे मानू, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर भाराच्या सहा दशांश इतकी पकड मिळते असे समजू. ट्रॉलीला ब्रेक नसतील, तर ताशी २५ किलोमीटर वेगाने चाललेली ही गाडी सपाटीवर ब्रेक लागल्यापासून सुमारे ३३ मीटरांनी थांबेल. शंभर मीटर चालीला पाच मीटर उतार असेल, तर तेच अंतर शंभर मीटरांच्या घरात जाते. आणि उतार साडेसात मीटरांचा झाला, की गणिताचे उत्तर असे येते की ती गाडी थांबणारच नाही, मग चालकाने पायाखालचे पेडल कितीही जोराने दाबलेले असो. उलट ट्रॉल्यांच्या प्रत्येक चाकाला ब्रेक असेल आणि त्यांनी आपल्या पकडीचा केवळ निम्मा उपयोग केला, तरी सपाटीवर आठ-नऊ आणि त्या पाच मीटरांच्या उतारावर दहा मीटरांत सर्व गाडी उभी राहते. ओझ्याने आपला वेग आपणच आवरला पाहिजे, हा या सर्व विषयाचा गाभा आहे.

यावर अनुभवी चालक असे उत्तर देतात की, चंदनापुरी किंवा करंजी घाटासारख्या उतारावर लहान गिअर टाकला म्हणजे इंजिनच गाडी धरते. हे अर्धे खरे आहे. लहान गिअरमुळे वेग मुळातच वाढत नाही आणि ब्रेक तापत नाहीत, म्हणून तो टाकलाच पाहिजे. परंतु इंजिनाचा विरोधसुद्धा त्याच मागच्या दोन टायरांमधून रस्त्यावर पोचतो, आणि त्या टायरांची पकड संपली की इंजिन आणि ब्रेक दोन्ही एकदमच निरुपयोगी होतात. मग मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, हिचच्या पिनभोवती ट्रॅक्टर आडवा वळतो आणि उलटतो. डिझेल वाचावे म्हणून उतारावर न्यूट्रल करण्याचा शिरस्ता तर याहून घातक आहे, आणि त्यात बचतही होत नाही : गिअरमध्ये असलेल्या इंजिनाला उतार फिरवीत असतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडला की गव्हर्नर डिझेल जवळजवळ तोडून टाकतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. शेतात वळण घेण्यासाठी ट्रॅक्टरची दोन ब्रेक पेडले वेगळी ठेवलेली असतात, ती जोडणारी पट्टी रस्त्यावर येताना आठवणीने लावावी; ती मोकळी राहिली तर एकाच चाकाला ब्रेक लागून भरधाव गाडी एका बाजूला ओढली जाते.

आता ट्रॉलीला ब्रेक द्यावयाचे म्हणजे काय द्यावयाचे? जड ट्रॉल्यांना हवेचे किंवा हायड्रॉलिक ब्रेक योग्य. ट्रॉली पुढे ढकलू लागली की ड्रॉबार मागे सरकून ज्याने ब्रेक लागतात, असाही एक साधा प्रकार आहे. अमेरिकेत पिकअपच्या मागे घोड्यांचे अथवा प्रवासी ट्रेलर जोडतात, त्यांना विजेचे ब्रेक असतात. आपल्या जिल्ह्यातही दुष्काळी पट्ट्यात, पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर या बाजूला, एखाद्या जुन्या पिकअपच्या मागे दोन हजार लिटर पाण्याची, म्हणजे केवळ पाण्याचे दोन टन वजन असलेली, टाकी ओढावयाची तर हीच पद्धत सोयीची पडावी. तिच्याविषयीचे गैरसमज अधिक तांत्रिक आहेत, म्हणून त्यांचा विचार सावकाश केला पाहिजे.

पहिला गैरसमज असा की, ब्रेक कंट्रोलर नावाची पेटी केबिनमध्ये बसविली म्हणजे ब्रेक झाले. पेटी केवळ हुकूम देते. ब्रेक हे ट्रॉलीच्या ॲक्सलवर ड्रमच्या आत असतात : वीज मिळताच तेथील चुंबक फिरत्या ड्रमच्या पृष्ठाला चिकटतो, त्याच्याबरोबर ओढला जातो आणि तरफेने ब्रेक शू बाहेर दाबतो. ज्या ट्रॉलीच्या ॲक्सलला ड्रमच नाही, तिला कितीही उत्तम कंट्रोलर जोडून काही निष्पन्न होणार नाही.

दुसरा गैरसमज गॅरेजांत फार प्रचलित असण्यासारखा आहे, कारण तो वरवर सयुक्तिक दिसतो : ब्रेक लाईटची वायर ट्रॉलीपर्यंत जातेच, मग तिच्यावरच चुंबक जोडले की काम भागले. एका चुंबकाला सुमारे तीन अँपिअर वीज लागते, दोन ॲक्सलच्या ट्रॉलीला चार चुंबक म्हणजे बारा अँपिअर. जुन्या पिकअपच्या ब्रेक स्विचची घडण दोन-तीन बल्बांपुरती असते, त्याचे संपर्कबिंदू या भाराने जळतात, आणि मग ट्रॉलीचे ब्रेकही जातात व गाडीचा ब्रेक लाईटही जातो. शिवाय अशा जोडणीत पेडलला पाय लागताच ट्रॉलीचे ब्रेक पूर्ण ताकदीने लागतील, कमीजास्त होणार नाहीत. कंट्रोलरला ब्रेक लाईटच्या वायरीतून केवळ वर्दी घ्यावयाची असते, आणि तीही स्विचच्या त्या बाजूने, जेथे पेडल दाबल्यावरच वीज येते. प्रत्यक्ष ताकदीची वीज त्याने बॅटरीच्या धन टोकावरून, इग्निशन स्विचला वळसा घालून, स्वतंत्र सर्किट ब्रेकरमधून घ्यावी : दोन चुंबकांना वीस अँपिअरचा आणि चार चुंबकांना तीस अँपिअरचा. आणखी एक वायर कंट्रोलरकडून थेट मागच्या प्लगला जाते.

‘वायर ती वायर’ ही तिसरी समजूत. घराच्या दिव्यांना वायरमन वापरतो ती दीड एम.एम.ची तांब्याची वायर बॅटरीपासून ट्रॉलीच्या चाकापर्यंत दहा मीटर नेली आणि परतीची वायरही तेवढीच ठेवली, तर चार चुंबकांच्या भाराखाली बारा व्होल्टांपैकी सुमारे पाचवा हिस्सा वायरीतच खर्ची पडतो आणि चुंबकांपर्यंत दहा व्होल्टही पोचत नाहीत. तेथे चार एम.एम.ची वायर घातली तर ही तूट बाराव्या हिश्श्यावर येते. घरात दिवा किंचित मंद झाला तर काही बिघडत नाही. येथे कमी पडणारा प्रत्येक व्होल्ट थांबण्याचे अंतर वाढवितो.

परतीच्या वायरीचा उल्लेख केला तो हेतुपुरस्सर, कारण आपल्याकडे तिचीच सर्वाधिक हेळसांड होते. ‘लोखंडाला लोखंड लागले आहे, अर्थ मिळालाच,’ असे म्हणून ट्रॉलीची अर्थ हिचच्या पिनवर सोपविली जाते. ती पिन जवळून पाहावी : एका अंगाला गंज, दुसऱ्या अंगाला ग्रीस आणि मातीचा काळा लेप, भोवती बोटभर मोकळी जागा, गाडी खड्ड्यातून गेली की पिन क्षणभर सुटी होते आणि वीज खंडते. ब्रेक दाबताच इंडिकेटरही मंद लुकलुकू लागला, किंवा डावा इंडिकेटर लावता टेल लॅम्पही त्याच्याबरोबर उघडझाप करू लागला, तर बल्ब बदलत बसू नये. अर्थ तुटल्यामुळे वीज दुसऱ्या बल्बच्या वाटेने परतू पाहते, त्याचे हे लक्षण आहे. प्लगमधूनच स्वतंत्र अर्थ वायर न्यावी, ती ट्रॉलीच्या चॅसीला रंग खरवडून थिंबलने आवळावी, आणि पुढच्या टोकाला बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडावी. नुसता पीळ देऊन टेप मारलेला सांधा एका पावसाळ्याचा सोबती असतो.

दिव्यांचा प्रश्न आलाच आहे तर हेही सांगितले पाहिजे की, लाल रिफ्लेक्टर लावला म्हणजे टेल लॅम्पची गरज उरत नाही, ही समजूत निराधार आहे. रिफ्लेक्टर मागच्या गाडीचा उजेड परत पाठवितो. पुढची गाडी ब्रेक दाबते आहे की वळते आहे, हे तो सांगू शकत नाही, आणि धूळ बसली की उजेडही परत पाठवीत नाही. मोळ्यांचे शेंडे मागे हातभर लोंबत असतील तर दोन्ही झाकले जातात, म्हणून टोळीने ट्रॉली भरल्यावर चालकाने मागे जाऊन ते स्वतः पाहावे.

ब्रेकचे शास्त्र या जिल्ह्याला परके नाही. अहिल्यानगर येथेच संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२६ ने वाहनांची चाचणी करून दाखला देण्याचा अधिकार ज्या संस्थांना दिला आहे त्यांत तिची गणना होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत फेरफार परस्पर करता येत नाही, तेव्हा ॲक्सल बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

जोडणी संपली म्हणजे काम संपले असेही नाही. वेग कमी होण्याच्या मानाने ब्रेक लावणारा कंट्रोलर प्रवासाच्या दिशेला सरळ बसविलेला असावा लागतो, तो वाकडा बसला तर त्याचा अंदाज चुकतो. आणि त्याचा जोर भरलेल्या टाकीला एक, रिकामीला दुसरा असा जुळवावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या आत-बाहेर वेग ठेवून ब्रेक दाबावा, ट्रॉलीची चाके घासत जाऊ लागली तर जोर थोडा उतरवावा, गाडीला मागून धक्का जाणवला तर चढवावा. शेवटी ट्रॉलीवरच्या छोट्या बॅटरीची आणि हिच तुटल्यास आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची रुजुवात घ्यावी : साखळी लावून ठेवावी, प्लग काढावा, दोरीला बांधलेली खिट्टी हाताने उपसावी आणि पिकअप पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे घ्यावी. ट्रॉलीची चाके जाम राहिली तर खिट्टी परत बसवून प्लग लावावा. फिरली तर ती बॅटरी त्याच दिवशी चार्जिंगला द्यावी, आणि तोवर टाकी भरू नये.