जलद मोटारसायकलीला कोणता टायर?

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने लागलेली आहेत. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही तेथील एका टायरविक्रेत्याकडे बसलो असता एक तरुण केटीएम ३९० ड्यूक घेऊन आला. मागचा टायर झिजला होता. "चाचा, एकशेसाठचा बसवून द्या. गाडी मागून भरलेली दिसली पाहिजे," अशी त्याची मागणी. दुकानदाराने टायर काढण्याऐवजी त्यालाच विचारले, "बेटा, रोज किती चालवतोस? घाटात जातोस का? पावसात गाडी बाहेर काढतोस का?" तरुणाला ही चौकशी आवडली नाही. तो गाडीला किक न मारता, बटण दाबून निघून गेला. गिऱ्हाईक गेले, पण आमच्या मते दुकानदाराचेच बरोबर होते. ते कसे, हे येथे सांगावयाचे आहे.

बाजार बदलला

एके काळी आपल्याकडे शंभर सीसीच्या गाड्यांचे राज्य होते. टायरचे मोजके आकार ठेवले की दुकान चालत असे. २०१२ साली केटीएमची २०० ड्यूक व २०१३ साली ३९० ड्यूक आली. या गाड्या आपल्या चाकणलाच बजाजच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. २०१८ साली रॉयल एनफील्डची ६५० सीसीची इंटरसेप्टर आली. कावासाकीच्या निन्जा मालिकेतील गाड्याही रस्त्यावर दिसू लागल्या. यांतील मोठ्या गाड्या ताशी दीडशे किलोमीटर व त्याहून अधिक वेग घेतात. असा वेग घेणारी आणि अशा वेगातून थांबणारी सारी ताकद रस्त्यापर्यंत पोहोचते ती दोन तळहातांएवढ्या रबरातून. इंजिन, ब्रेक, एबीएस हे सर्व त्या दोन तळहातांच्या भरवशावर आहे. म्हणूनच टायर ही शोभेची वस्तू समजून घेणे धोक्याचे आहे.

टायरवर काय लिहिलेले असते?

टायरच्या बाजूवर त्याची सारी कुंडली छापलेली असते. ३९० ड्यूकच्या मागच्या चाकाचे माप घेऊ: १५०/६० आर १७, ६६ एच. यातील १५० ही मिलीमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे ९० मिलीमीटर. आर म्हणजे रेडियल. १७ हा रिमचा इंचांतील व्यास. ६६ हा वजनाचा आकडा. तो ३०० किलो भार दर्शवितो. शेवटचे अक्षर वेगाचे. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० आणि डब्ल्यू म्हणजे २७०. मोठ्या गाड्यांच्या टायरवर झेडआर असे लिहिलेले असते. तो टायर २४० च्या पुढील वेगासाठी असतो.

नियम साधा आहे. गाडीच्या कंपनीने दिलेल्या भाराच्या व वेगाच्या आकड्याहून वरचा टायर चालेल, खालचा कदापि चालणार नाही. दोन पैसे वाचविण्यासाठी एच च्या जागी पी बसविणे म्हणजे जिवाशी सौदा होय.

रुंदीचा मोह

आता त्या तरुणाच्या १६० कडे वळू. ३९० ड्यूकचा मागचा रिम चार इंच रुंद आहे. १६०/६० चा टायर साडेचार ते पाच इंची रिमसाठी बनविलेला असतो. निन्जा ६५० ला तो मुळातच येतो. तोच टायर चार इंची रिमवर चढविला की त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या जातात आणि माथा टोकदार होतो. गाडी सरळ धावताना रस्त्याला लागणारा भाग वाढण्याऐवजी कमी होऊ शकतो. वळणावर गाडी कलली की ती कंपनीने ठरविल्याप्रमाणे वागत नाही. म्हणजे पैसे जास्त, वजन जास्त आणि पकड मात्र बेभरवशाची.

उंचीचेही तेच. १५०/६० च्या टायरसह चाकाचा व्यास सुमारे ६१२ मिलीमीटर भरतो, १५०/७० चा भरतो सुमारे ६४२. तीन सेंटिमीटरच्या या फरकाने गाडीची मागची बाजू दीड सेंटिमीटर उचलली जाते. त्यामुळे पुढच्या चाकाचा कल बदलतो. एबीएस दोन्ही चाकांच्या फेऱ्या मोजून काम करते; तिचा हिशेबही चुकण्याची शक्यता असते.

रेडियल टायरमधील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात व त्यांवर पट्टा असतो. साध्या टायरमध्ये धागे एकमेकांवर तिरपे असतात. वेगात रेडियल कमी तापतो. पुढे एक प्रकार व मागे दुसरा, अशी मिसळ आपल्या मनाने करू नये. यामाहा आर१५ च्या तिसऱ्या आवृत्तीला पुढे साधा व मागे रेडियल टायर कारखान्यातूनच आला. पण ती जोडी कंपनीने चाचण्या घेऊन ठरविली होती. दुकानाच्या फळीवर तशी चाचणी होत नसते.

रबर कोणते?

माप ठरले तरी निम्मेच काम झाले. त्याच मापात वेगवेगळ्या स्वभावाचे टायर मिळतात. शर्यतीच्या मैदानासाठीचा टायर फार मऊ रबराचा असतो. तो चांगला तापल्यावरच पकड देतो. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीवर तो तापतच नाही, लवकर झिजतो, आणि खाचा कमी असल्याने पावसात पाणी बाहेर फेकू शकत नाही.

पिरेलीचा डायब्लो रोसो किंवा मेट्झेलरचा स्पोर्टेक हे रस्त्यावरच्या जोशपूर्ण चालीसाठीचे टायर होत. मिशेलिनचा रोड किंवा पिरेलीचा एंजल जीटी हे लांबच्या प्रवासाचे. त्यांत पाण्याला वाट देणाऱ्या खाचा अधिक असतात व ते जास्त किलोमीटर चालतात. टीव्हीएसने २०२० साली आपल्या अपाचे आरआर ३१० या शर्यतीच्या बाजाच्या गाडीला मिशेलिनचा रोड ५ दिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी असल्याने आपला स्वार मुंबईहून पुण्याला जुन्या रस्त्याने, खंडाळ्याच्या घाटातून येतो. पावसाळ्यात धुके, चिखल आणि ट्रकांनी सांडलेले तेल यांतून त्याला वाट काढावी लागते. रोज कामावर जाणाऱ्या व रविवारी घाट चढणाऱ्या माणसाला आमच्या मते दुसऱ्या प्रकारचा टायरच योग्य. ज्यात मधले रबर कठीण व कडेचे मऊ असते, असा टायर मिळाल्यास अधिक चांगले. कारण सरळ रस्त्यावर टायर मधोमध झिजून चपटा होतो.

आयात, कर आणि जुना माल

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली. त्यामुळे १८० व १९० मापांच्या परदेशी टायरांची टंचाई झाली. दरम्यान अपोलो, एमआरएफ व सीएट या देशी कंपन्याही पोलादी पट्ट्याच्या रेडियलमध्ये उतरल्या. ग्राहकाने देशी नावाला नाक मुरडू नये. माप, भार, वेग व आयएसआय चिन्ह पाहून निर्णय घ्यावा.

टंचाईच्या काळात जुना माल नवा म्हणून खपविला जातो. टायरवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २२२३ म्हणजे २०२३ सालचा बाविसावा आठवडा. हे आकडे गिऱ्हाइकाला दुकानदाराने स्वतःहून दाखवावेत. पाच वर्षे वापरलेला टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. दुचाकीच्या टायरवरील खाच ०.८ मिलीमीटरहून उथळ झाली की तो कायद्यानेच बाद ठरतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच दिवसापासून ३५० सीसीवरील मोटारसायकलींवरील कर मात्र ४० टक्के झाला. मोठी गाडी घेतलेला माणूस ती अधिक वर्षे सांभाळील व टायर बदलीत राहील, असा आमचा अंदाज आहे.

धंद्यातील संधी

आमच्या वाचकांपैकी अनेकजण टायर-पंक्चरच्या धंद्यात आहेत. त्यांना ही संधी आहे, पण हातोडी व पहारीवर हे काम होणार नाही. रिमला ओरखडा न पाडता टायर उतरविणारे यंत्र, चाकाचा तोल पाहणारे यंत्र, नट ठरावीक ताकदीने आवळणारा पाना आणि खात्रीचा हवामापक एवढे हवेच. टायरवरील बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे की नाही, हे पाहावे. हवा थंड टायरमध्ये, गाडीवरील पट्टीत सांगितली असेल तेवढीच भरावी. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर नवा टायर गुळगुळीत असतो, तोवर जपून चालवा, हे निघताना आवर्जून सांगावे. हे वाक्य फुकट आहे, पण त्याने कुणाचा तरी मुलगा घरी सुखरूप पोहोचतो.

नाना पेठेतील तो तरुण महिनाभराने परत आला. दुसऱ्या दुकानात त्याने १६० बसवून घेतला होता. गाडी वळणावर जड वाटते, पावसात भरवसा वाटत नाही, अशी त्याची तक्रार होती. दुकानदाराने "मी सांगितले होते" असे म्हटले नाही. पूर्वीचेच तीन प्रश्न विचारले, आणि या वेळी तरुणाने त्यांची नीट उत्तरे दिली. मग त्याने १५०/६० चा, पावसात चालणारा टायर काढला, त्यावरील तारीख दाखविली आणि पक्की पावती केली. त्या आठवड्यात त्याच तरुणाचे दोन मित्र त्या दुकानी आले. धंद्यात बरकत येते ती अशी.