मद्यार्कांतील शेवटचें पाणी

मोहाचीं फुलें आंबवून भट्टी लावली म्हणजे पहिल्या धारेचा अर्क कडक व मागाहून उतरणारा पाणचट असतो, ही गोष्ट खांडबाऱ्याच्या बाजूस कोणाहि जाणत्या मनुष्यास नवी नाहीं. (परवान्यावाचून अशी भट्टी लावणें गुन्हा आहे, हें वेगळें सांगावयास नको.) मद्यार्क सुमारें ७८ अंश सेंटिग्रेडवर उकळतो व पाणी १०० अंशांवर, म्हणून मद्यार्काची वाफ अगोदर निघते. मग तोच अर्क पुनःपुन्हा उकळीत गेल्यास अखेरीस पाण्याचा लेशहि राहूं नये, असें वाटणें साहजिक आहे. पण तसें घडत नाहीं. वजनानें शेंकडा सुमारें ९५.६ भाग मद्यार्क व बाकीचें पाणी, इतका पल्ला गांठला कीं वाफेंतहि तेंच प्रमाण उतरूं लागतें. त्यापुढें नेहमींच्या दाबाखालीं कितीहि वेळां उकळलें तरी सरपण मात्र जळतें, पाणी हटत नाहीं.

हा प्रश्न केवळ रसायनशाळेचा नव्हे. ऊंस पिकविणाऱ्याच्या जमाखर्चाशीं त्याचा संबंध आहे. आपल्या नवापूर तालुक्यांत डोकारे येथें व जिल्ह्यांतील शहादे तालुक्यांत पुरुषोत्तमनगर येथें सभासदांच्या भांडवलावर सहकारी साखर कारखाने उभे राहिले. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क निघतो, व तो आतां पेट्रोलमध्यें मिसळला जातो. २००१ सालीं या मिश्रणाचे प्रयोग झाले, त्यांत आपल्या प्रांतांतील मिरज व मनमाड हीं दोन ठिकाणें होतीं. २००३ सालीं नऊ राज्यांत शेंकडा ५ प्रमाणानें मिश्रण सुरू झालें आणि २०२५ सालीं तें प्रमाण शेंकडा २० पर्यंत पोंचलें. परंतु पेट्रोलांत घालावयाचा मद्यार्क जवळजवळ निर्जळ लागतो. पाणी वाजवीपेक्षां अधिक झालें तर मद्यार्क तें बरोबर घेऊन पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशीं बसतो, आणि फटफटी रस्त्यांतच बंद पडते.

हें शेवटचें पाणी काढण्याची जुनी रीत म्हणजे मद्यार्कांत बेन्झिन मिसळून पुन्हा उकळणें. तींत वाफ फार खर्च होई, शिवाय बेन्झिन हें कर्करोगास कारण होणारें द्रव्य. तिची जागा पुढें ‘मॉलिक्युलर सीव्ह’ म्हणजे अणुरेणूंच्या चाळणीनें घेतली, व आज बहुतेक आसवनींत हीच दिसते. हिचे मणी सुमारें ३ अँगस्ट्रॉम रुंदीच्या छिद्रांचे असतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पाण्याचा रेणू छिद्रांत शिरून अडकतो, मद्यार्काचा मोठा रेणू बाहेर राहतो. मात्र मणी भरले कीं ते पुन्हा कोरडे करावे लागतात. त्यासाठीं कांहीं सुका मद्यार्कच त्यांवरून सोडतात, आणि तो ओला झालेला अर्क परत उकळावा लागतो.

तिसरी रीत पडद्याची. १९१७ सालीं अमेरिकेंत कोबर नांवाच्या शास्त्रज्ञानें एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. कलोडियनच्या पातळ पिशवींत द्रव भरून तोंड घट्ट बांधून ती हवेंत टांगली, तरी आंतील द्रव आटत गेला. पिशवीच्या अंगांतूनच तो वाफ होऊन निघत होता. या क्रियेस त्यानें ‘परव्हेपोरेशन’ हें नांव दिलें. पुढें पाण्याची ओढ असलेल्या पॉलिव्हिनिल अल्कोहोलचे पडदे निघाले. पडद्याच्या एका बाजूनें गरम मद्यार्क वाहतो, दुसऱ्या बाजूस हवा ओढून पोकळी ठेवतात. पाणी पडद्यांत मुरतें, पलीकडे वाफ होतें व थंड करून वेगळें काढलें जातें. येथें निवड उकळण्यानें नव्हे, पडद्यानें होते, म्हणून ९५.६ ची आडकाठी राहत नाहीं. १९८८ सालीं फ्रान्सांत बेथेनिव्हील येथें, बीटाच्या साखरेच्या मुलखांत, रोज दीड लाख लिटर मद्यार्क सुकविणारा असा कारखाना सुरू झाला.

यांतील लाभ उघड आहे. सगळा मद्यार्क पुन्हा न उकळतां मुख्यतः पाण्याच्याच वाफेपुरती उष्णता खर्चावी लागते. वाफ वांचली म्हणजे बगॅस वांचला, आणि वांचलेला बगॅस हा सभासदाचाच माल होय. औषधांच्या कारखान्यांत वापरलेलें आयसोप्रोपिल अल्कोहोलहि याच रीतीनें सुकवून पुन्हा वापरतां येतें, म्हणजे नवें द्रव्य कमी घ्यावें लागतें.

तथापि एकच बाजू सांगणें योग्य नव्हे. पाणी फार असल्यास असे पडदे फुगतात, म्हणून आधींचें आसवन सुटत नाहीं. पडदा शेवटच्या टप्प्यालाच शोभतो. पडदे महाग असून कालांतरानें बदलावे लागतात. झिओलाइटचे टिकाऊ पडदेहि आंबट द्रवानें खराब होतात.

यास्तव सभासद बंधूंस विनंति कीं, ज्या कारखान्यांत आपला भाग आहे त्याच्या वार्षिक सभेंत आसवनीच्या यंत्रसामुग्रीचा ठराव आल्यास हात वर करण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावेत : एक लिटर सुकविण्यास वाफ किती लागते, पाण्याबरोबर मद्यार्क किती जातो, पडदा किंवा मणी किती वर्षें टिकतात, आणि बदलण्याचा खर्च कोणत्या खातीं पडतो. पैसा आपला आहे. उत्तरें आंकड्यांत मागावीं व तीं इतिवृत्तांत नोंदवून घ्यावीं.