बाटलीवर नसलेले नाव

सुगंधाच्या घराण्यांचा इतिहास शोधू लागलो की आपण एक तर फ्रान्समधल्या ग्रासला पोचतो, नाहीतर उत्तरेतल्या कनौजला. नांदेडच्या अत्तरवाल्यांशी बोलतानाही मला हीच दिशा दाखवली गेली. खस, हिना, मजमुआ यांची वंशावळ हैदराबादमार्गे कनौजपर्यंत नेऊन सोडायची. 1948पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या गावात हे स्वाभाविकच आहे. पण त्याच गल्लीत विकल्या जाणाऱ्या उदबत्तीचा, साबणाचा, केसांच्या तेलाचा वास कुठून येतो, हे कोणी विचारत नाही.

त्याचा एक धागा 1922च्या मुंबईत सापडतो. त्या वर्षी ‘एस. एच. केळकर आणि कंपनी’ सुरू झाली. काळ लक्षात घेण्याजोगा आहे. कृत्रिम सुगंधद्रव्यांची विद्या तेव्हा युरोपच्या हाती होती. पर्किनने 1868मध्ये कुमारिन प्रयोगशाळेत तयार केले, 1874मध्ये व्हॅनिलिन आले, 1893मध्ये व्हायोलेट फुलाच्या गंधाचे आयोनोन. पहिल्या महायुद्धाने जर्मन रसायनांची वाट अडवली, आणि परक्या मालावर विसंबण्याचा धोका सगळ्यांनाच कळला. इकडे स्वदेशीची हवा होतीच.

कनौजचा कारागीर देगेत फुले उकळतो आणि भपक्यात ती वाफ चंदनतेलावर उतरवतो. केळकरांच्या धंद्याची जात वेगळी. येथे अनेक द्रव्ये मोजून एकत्र करायची आणि तयार झालेले मिश्रण दुसऱ्या कारखानदाराला विकायचे. हे काम अत्तरापेक्षा सोपे, असे मानणाऱ्याने साबणाचा विचार करावा. साबण अल्कधर्मी, नाजूक फुलांचे कित्येक गंध त्यात मोडून पडतात. व्हॅनिलिन घातले तर पांढरी वडी हळूहळू तपकिरी होते. उदबत्तीचे दुखणे आणखी निराळे: काडी हुंगताना जो वास येतो तोच जळतानाही यावा लागतो. म्हणजे प्रत्येक वस्तूसाठी मोगरा नव्याने जुळवायचा.

आणि एवढे करून बाटलीवर नाव दुसऱ्याचेच! सूत्र गुप्त ठेवायचे, गिऱ्हाईकही गुप्त ठेवायचे, ही या धंद्याची रीतच आहे. मराठी उद्योगाच्या इतिहासलेखनात या घराण्याला जागा कमी मिळाली, याचे मुख्य कारण मला हेच वाटते. मराठी माणसाला व्यापार जमत नाही, हे घासून गुळगुळीत झालेले वाक्य नव्हे. मुलुंडच्या वझे महाविद्यालयामुळे (स्थापना 1984, केळकर एज्युकेशन ट्रस्ट) केळकर-वझे ही जोडी हजारो विद्यार्थ्यांच्या तोंडी बसली, पण सुगंधाच्या संदर्भात ती फारच थोड्यांना आठवते. ‘केवा’ या व्यापारी नावात मला तीच दोन आडनावे ऐकू येतात.

याच मुंबईत 1951मध्ये आसामच्या होजाईहून आलेल्या हाजी अजमल अली यांनी अगरूचा व्यापार मांडला. आखाती गिऱ्हाईक मुंबईत येत असे, आणि पुढे ते घराणे दुबईला जाऊन जगप्रसिद्ध झाले. त्यांनी बाटली विकली, म्हणून नावही विकले गेले. केळकरांची कंपनी मुंबईतच राहिली आणि 2015मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा कित्येकांनी तिचे नाव पहिल्यांदाच वाचले. तोवर तिला त्र्याण्णव वर्षे झाली होती.