हाफ क्लचचा घाट

चेण्याहून ठाण्याच्या बाजूला निघालं की काजूपाडा लागतो, मग गायमुखचा घाट. घोडबंदर रस्ता तुंबला की कंटेनरचे ट्रेलर याच चढावर खोळंबतात. पुढची गाडी हातभर सरकते; मागचा ड्रायव्हर हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून, गाडी धरून ठेवतो. थोड्याच वेळात केबिनमध्ये जळका वास येतो.

क्लच गेली.

गॅरेजात आधी गियरबॉक्स आणि मग क्लच उतरवावी लागते. मेकॅनिक टॉर्च मारून पहिल्यांदा फ्लायव्हील बघतो. बिडाच्या तोंडावर निळे डाग दिसले की उष्णता कुठे साचली ते त्याला कळतं. मग प्लेट. साध्या अस्तराची असेल तर ती करपून रिव्हेटपर्यंत आलेली असते. काही जड गाड्यांत मात्र अस्तराऐवजी ‘बटणं’ असतात, तांबूस-करड्या जाड चकत्या. त्यांच्यावरून अंगठा फिरवला की काळं लागतं.

ते काळं म्हणजे ग्रॅफाइट. चकतीचा पाया तांब्याच्या पुडीचा. त्यात कथील, लोखंड, ग्रॅफाइट आणि सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनासारखं कठीण खनिज. हे मिश्रण साच्यात दाबतात आणि तांबं वितळतं त्या १०८५ अंश सेल्सिअसच्या बरंच खाली, हवा लागू न देता भट्टीत भाजतात. तांब्याचे कण वाहून जात नाहीत, एकमेकांना धरतात.

प्लेट फ्लायव्हीलवर घासताना तांबं उष्णता ओढून घेतं. ग्रॅफाइट फ्लायव्हीलवर पातळ थर पसरवतं, म्हणून धातूला धातू चिकटून ओरखडत नाही. पण क्लचला पकडही हवी, आणि ती खनिजाचे कण देतात. सिलिका जास्त झाली तर फ्लायव्हील खरवडलं जातं; ग्रॅफाइट जास्त झालं तर प्लेट घसरते, चकतीही कमकुवत होते. झीज नुसती कमी असून भागत नाही, ती सगळीकडे सारखी व्हायला हवी. या मिश्रणाची खरी करामत तीच.

ग्रॅफाइटला हवेतली वाफही लागते. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बनचे ब्रश भराभर झिजून भुकटी होऊ लागले होते. तिथल्यासारख्या कोरड्या हवेत ग्रॅफाइटचे पापुद्रे सहज सरकत नाहीत, हे संशोधक आर. एच. सॅव्हेज यांनी १९४८ साली मांडलं. घाटालगत वसईच्या खाडीकाठी दमटपणाला तोटा नाही. इथे वैरी आहे ती उष्णता, आणि ती हाफ क्लचवरच वाढते.

नवी बटण प्लेट चढवली की मेकॅनिक ड्रायव्हरला बजावतो, “पहिले काही दिवस जपून चालवा, बटणं नीट टेकू द्या.” चकत्यांचे उंचवटे घासून काळा थर फ्लायव्हीलवर धरेपर्यंत पकड कमीजास्त होत राहते.