धाप न लागता दमाची परीक्षा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की यवतमाळ, पुसद, पांढरकवडा येथील मैदानांवर पहाटेपासून तरुणांचा सराव सुरू होतो. शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर धावावे लागते. परंतु आपले हृदय व फुफ्फुसे या श्रमास कितपत सज्ज आहेत, हे जिवाच्या आकांताने धावण्यापूर्वीच जाणून घेणे शहाणपणाचे ठरते.

ज्याला आपण ‘दम’ म्हणतो, त्याचे शास्त्रीय माप म्हणजे शरीराला एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरता येतो, हे होय. ते थेट मोजण्यासाठी तोंडावर मुखवटा लावून, पूर्ण थकेपर्यंत धावावे लागते. उपकरणे महाग असतात आणि जोखीमही असते. यावर उपाय म्हणजे मध्यम श्रमाची चाचणी. श्रम वाढतात तसे नाडीचे ठोके व प्राणवायूचा वापर साधारण एकाच प्रमाणात वाढतात. या नात्यावरून कमाल क्षमतेचा अंदाज बांधता येतो. स्वीडनमधील ऑस्ट्रँड व राइमिंग यांनी १९५४ मध्ये यासाठीचा तक्ता प्रसिद्ध केला.

पायरी चाचणी सर्वांत सोपी. सुमारे ४१ सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर तीन मिनिटे चढउतार करावी. पुरुषांनी मिनिटाला २४, महिलांनी २२ वेळा. थांबल्यावर पाचव्या ते विसाव्या सेकंदापर्यंत ठोके मोजून चारने गुणावे. पुरुषांसाठी १११.३३ मधून या संख्येची ०.४२ पट वजा करावी. ठोके १५२ असल्यास उत्तर सुमारे ४७.५ येते, म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला तितके मिलिलिटर प्राणवायू. महिलांचे सूत्र वेगळे आहे. वृद्ध व हृदय-फुफ्फुसांच्या रुग्णांसाठी डॉक्टर सहा मिनिटे चालण्याची चाचणी घेतात.

हा अंदाज आहे, निवाडा नव्हे. वैशाखातील ऊन, ताप, चहा, तंबाखूचा खर्रा किंवा रक्तक्षय यांमुळे ठोके वाढतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ते कमी होतात. म्हणून चाचणी दर वेळी सकाळी, सारख्याच परिस्थितीत घ्यावी आणि आपली तुलना आपल्याच मागील आकड्याशी करावी.

विदर्भात सिकलसेलचा प्रादुर्भाव लक्षणीय आहे. अशा व्यक्तींना उन्हातील अतिश्रम व शरीरातील पाण्याची कमतरता घातक ठरू शकते. त्यामुळे सरावापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर येणे अशी लक्षणे असल्यास पायरीऐवजी आधी डॉक्टरांकडे जावे. नोकरी पुढच्या भरतीतही मिळू शकते; गेलेला जीव परत येत नाही.