वाघाची शिदोरी, शेतकऱ्याची जागल

हरभऱ्याला घाटे धरले की मुक्ताईनगर तालुक्यात वडोदा, डोलारखेड्याकडचे शेतकरी जागलीला जातात. हातात बॅटरी, वाजवायला पत्र्याचा डबा. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप वावरात शिरला की खातो थोडं, तुडवतो फार. पूर्ण वाढलेला नर 200 किलोंच्या पुढे भरतो. त्याला काटेरी कुंपणाची काय मातब्बरी!

पण वावराला लागूनच मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तिथे वाघ आहे. एका वाघाला वर्षाकाठी साधारण 50 मोठी जनावरं लागतात. कळपातला दहावा हिस्सा दरवर्षी वाघाच्या पोटात गेला तरी कळप टिकतो, असा अभ्यासकांचा ठोकताळा आहे. म्हणजे एका वाघामागे रोही, चितळ, रानडुकरं मिळून 500 जनावरं हवीत. बांधाच्या अलीकडे जे नुकसान, तीच पलीकडे वाघाची शिदोरी.

नीलगाय या नावात गाय असली, तरी रोही गाय तर नाहीच, चितळ-सांबरासारखं सारंगही नाही. ते कुरंग, म्हणजे शिंगं न गाळणारं.

मग बंदूक? 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, तरी पिकाची नासाडी करणाऱ्या रोही-रानडुकरांच्या पारधीला परवाना देण्याची वाट महाराष्ट्राने 2015 मध्ये मोकळी केली. बिहारने 2016 मध्ये मोकामा भागात नेमबाज बोलावून रोही मारली. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचीच त्यावरून जुंपली. गंमत म्हणजे हेच रोही टेक्सासच्या किंग रँचवर साधारण 1930च्या सुमारास नेऊन सोडलं गेलं आणि तिथे आज ते राजरोस शिकारीचं जनावर आहे.

कळपाचं गणित मात्र माद्यांवर चालतं. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे पाच नर मारले तरी पुढच्या हंगामात पाडसं तेवढीच. मादी आठेक महिने गाभण असते आणि बहुतेकदा जुळं देते. कळप थोडा विरळ झाला की उरलेल्यांना चारा जास्त मिळतो, पाडसं जास्त जगतात आणि खड्डा भरून निघतो. म्हणून अमेरिकेत हरणांच्या शिकारीचे परवाने देताना माद्यांचा वेगळा कोटा ठरवतात. आपल्याकडे रात्री बॅटरीच्या झोतात नेम धरला जाणार तो थोराड, निळसर नरावरच. तांबूस मादी निसटते. एकट्या परवान्याने कळप आवरेल, हे मला तरी पटत नाही.

जास्त काम आहे ते गवताचं. रानात घाणेरी माजली, गुरं बेसुमार चरली की गवत हटतं आणि रोह्याला हरभरा जवळचा वाटू लागतो. घाणेरी मुळासकट उपटावी लागते, पावसाळ्यात चराई आवरावी लागते. पाणवठाही रानाच्या आत हवा. बांधालगत बांधला तर आपणच कळपाला वावराची वाट दाखवतो.

आणि परवान्याआधी मोजणी हवी. त्यात रोह्याची एक सवय कामी येते: ते पुन्हा पुन्हा ठरावीक जागीच लेंड्या टाकतं. ते ढीग दर हंगामात मोजले, तर कळप वाढतोय की घटतोय याचा अदमास येतो. जागलीला जाणाऱ्यांना ते ढीग कुठे आहेत, हे आधीच ठाऊक असतं.