विकत घेतलेल्या वस्तूचे भाडे

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक वसवता येतो. आभासी यंत्र म्हणतात ते हेच. खरा संगणक आपल्या स्मृतीचा व प्रक्रियाशक्तीचा वाटा काढून देतो आणि त्या वाट्यावर मॅकमध्ये विंडोज सुखाने नांदते. केवळ विंडोजवर उघडणारा, जुन्या टंकांतील आमचा मराठी मजकूर आम्ही अशाच रीतीने जपला आहे.

मग दुखणे कोठे आहे? मॅकची कार्यप्रणाली दरवर्षी नवी येते. ती बदलली की आभासी यंत्र चालविणारे सॉफ्टवेअर कधीकधी अडखळते आणि विक्रेता म्हणतो, 'नवी आवृत्ती घ्या.' आम्ही तीन वर्षे लागोपाठ पैसे मोजले. नवे काही हवे होते म्हणून नव्हे. कालचे काम आजही चालावे एवढ्यासाठी. अडला हरी, दुसरे काय!

विक्रेत्याचीही बाजू आहे. हलत्या पायावर भिंत उभी ठेवण्यास श्रम पडतात. त्यांचे मोल द्यावे. परंतु भाडे घ्यावयाचे, तर त्याला विक्री म्हणू नये.

बिनखर्चाचे मार्गही आहेत. व्हर्च्युअलबॉक्सचा मुख्य भाग २००७ मध्ये खुला झाला. व्हीएमवेअरने फ्यूजन प्रो व वर्कस्टेशन प्रो २०२४ मध्ये सर्वांना मोफत दिले. पण फुकटाचा आसराही दुसऱ्याचाच. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये उतरवून ठेवावा, हे बरे. मग यंत्र कोणतेही असो, आपले अक्षर आपल्याच हाती राहील.